थोरलीच्या माहेरचा पत्ता

समस्त चिंचवड, रहाटणी, तळवडे आणि चाकण औद्योगिक पट्ट्यातील तिन्ही शिफ्टच्या कामगार बंधू-भगिनींना, कँटीनच्या ठेकेदारांना आणि कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरांना जाहीर निवेदन करण्यात येते, की अत्यंत गंभीर स्वरूपाची एक घटना घडली असून ती यापुढे लपवून ठेवणे निवेदकाच्या प्रकृतीस मानवणारे नाही. घटना अशी, की आपल्यापैकी तीन जबाबदार माणसांना परदेशात, कालव्यांच्या शहरात, एक अख्खा दिवस कोणतेही काम नव्हते. कृपया घाबरून जाऊ नये. तिघेही सुखरूप परत आले आहेत.

हुश्श. आता नीट बसून सांगतो.

तिघांपैकी पहिला मी. मेंटेनन्सचा माणूस. अर्धं आयुष्य मशिनच्या पोटात डोकं घालून काढलं, त्यात केस गेले. माझं स्वतःचं पोट आलं ते कँटीनमुळे. तोंड मात्र अजून वॉरंटीत आहे. राहायला रहाटणीत, नोकरीला चाकणला, म्हणजे उरलेलं अर्धं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये. दुसरी आमची क्वालिटीची ताई. पिंपरीच्या कामगार वसाहतीत वाढलेली, वडील फिटर, स्वतः डिप्लोमा करून तपासनीस झालेली. तिने नापास केलेला जॉब, म्हणजे मशिनवर घडवलेला भाग, खुद्द मालक आले तरी पास होत नाही, आणि हे ती मालकांना तोंडावर सांगते. तिसरे आबा. आबांचं गाव एकेकाळी शहराबाहेर होतं. मग शहर चालत चालत गावापर्यंत आलं आणि गावावरून पुढे निघून गेलं. जिथे त्यांचा हरभरा असायचा तिथे आता सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. आबा मात्र शेतात चालावं तसेच अजून शॉपफ्लोअरवर चालतात, लांब ढांगा टाकत, मधे येईल त्याला हाताने बाजूला करत. बसमध्ये आम्ही तिघं वर्षानुवर्षं पुढच्यामागच्या बाकांवर बसत आलो. तळवड्याच्या चौकात बस अडकली की माणसाला शेजारच्याशी मैत्री करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आम्ही परदेशी गेलो ते काही हवा खायला नाही. गिअरच्या दातांवर शेवटचा हात फिरवणारं, म्हणजे ग्राइंडिंगचं नवं मशीन कंपनीने घ्यायचं ठरवलं होतं. असलं मशीन जहाजात चढण्याआधी तिथे जाऊन, चालवून, तपासून घ्यायचं असतं. आमच्या प्लँट हेडचा यात एक नियम आहे आणि तो मला मनापासून आवडतो. मशीन दुरुस्त करणारा, त्यावरचा माल तपासणारी आणि ते चालवणारा, तिघांनी हो म्हटल्याशिवाय मशीन घ्यायचं नाही.

शनिवारी ट्रायल झाली. ॲमस्टरडॅमपासून आगगाडीने तासाभरावर एक छोटं गाव, तिथे तो कारखाना, इतका स्वच्छ की मला आत शिंकायचीसुद्धा भीती वाटली. मी मशीन उघडून बघितलं आणि हो म्हटलं. ताईने जॉब मोजले, पुन्हा मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले आणि चेहरा पाडून म्हणाली, "काही सापडत नाही हो." म्हणजे तिचंही हो. मग सगळे आबांकडे वळले.

आबांनी मशिनभोवती फेरी मारली. अंगावर तळहात ठेवला. बंद काचेला कान लावून उभे राहिले. तिथल्या साहेबाने हसत पेन पुढे केलं.

"सोमवारी सांगतो," आबा म्हणाले.

मी भाषांतर केलं. साहेबाचं पेन हवेतच राहिलं. आज का नाही, असं त्याने विचारलं.

"मधी रविवार हाय न्हवं," आबा म्हणाले, जणू यात सगळं आलं.

आलंच होतं. पण ते कळायला थोरली कोण ते माहीत पाहिजे.

थोरली म्हणजे आमचं जुनं ग्राइंडिंग मशीन. हिरव्या रंगाचं, ट्रकच्या केबिनएवढ्या अंगाचं. कंपनी पिंपरीत होती तेव्हा ते परदेशातून सेकंडहँड आलं. त्याचा लाकडी खोका आबांनीच फोडला. तेव्हा ते नुकते कामाला लागले होते. लाइनवरचं सगळ्यात जुनं म्हणून आबा त्याला थोरली म्हणायला लागले आणि मग सगळीच कंपनी म्हणायला लागली. पुढे कंपनी चाकणला हलली तेव्हा थोरली ट्रेलरवर आणि आबा ट्रेलरच्या केबिनमध्ये, नवरीबरोबर पाठराखणीला निघाल्यासारखे. तिच्या नुसत्या आवाजावरून ते सांगतात की घासायचा दगड कधी बदलायचा. तिच्या कपाळावर पितळेची पट्टी आहे. पट्टीवर एका कंपनीचं नाव, ॲमस्टरडॅममधला रस्ता आणि घराचा नंबर. दर खंडेनवमीला आबा ती पट्टी चिंचेने घासून लखलखीत करतात, थोरलीला झेंडूचा हार घालतात आणि फोटो काढतात.

नवं मशीन येणार होतं ते थोरलीच्या जागेवर. आबांनी हो म्हटलं की थोरलीचा पाया उखडायचा आणि ती भंगारात जायची, हे ठरलेलं होतं. शिवाय नवं मशीन काचेआड चालतं. आत काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. आबांच्या कानाला त्यात कामच नाही. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेल्या माणसाला हे सगळं स्वतःच्या तोंडाने मंजूर करायचं होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती.

आणि मधे रविवार उभा होता.

प्लँट हेडचा फोन आला, "रविवारी काही काम काढू नका. फिरा. मजा करा." हुकूम ऐकून आम्ही गोंधळलो. आमच्या पट्ट्यात रविवार म्हणजे मेंटेनन्सचा दिवस, ओव्हरटाइमचा दिवस, नाहीतर लग्नांचा दिवस. नुसता रविवार आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. पण मी हाडाचा उत्साही. मी फतवा काढला, की उद्याचा दिवस निश्चिंत दिवस. कंपनीचा विषय कोणीही काढायचा नाही.

"आणि जो काढेल," ताई म्हणाली, "त्याने दिवसभर माझे फोटो काढायचे. मी सांगेन तितके."

सकाळी मी डोळे चोळत हॉटेलच्या लॉबीत उतरलो तर आबा पहिल्या शिफ्टला निघाल्यासारखे तयार. केसांना पाणी लावून भांग बसवलेला. पायांत कंपनीचे सेफ्टी शूज. त्या बुटांच्या लोखंडी टोकांमुळे येताना प्रत्येक विमानतळावरचं यंत्र किंचाळलं होतं.

"आबा, आज तरी साधे बूट घालायचे."

"ह्येच मऊ पडत्यात," आबा म्हणाले. "चला. उशीर व्हतोय."

"कशाला उशीर होतोय?"

आबा तोवर दाराबाहेर पडलेही होते. मग आम्ही तिघं पळत स्टेशनवर गेलो.

ॲमस्टरडॅमच्या स्टेशनाबाहेर पडलो आणि पडदा वर गेल्यावर नटाने उभं राहावं तसा मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो. समोर पाणी. पाण्यावर पूल. पुलावर सायकली, सायकलींवर माणसं आणि पुढच्या टोपल्यांत कुत्री. कालव्याच्या दोन्ही काठांना उंच, चिंचोळी घरं, एकमेकांना खांदे लावून उभी; काही तर पुढे झुकलेली, कोणाच्या तरी फोटोत शिरायला बघणाऱ्या नातेवाइकांसारखी. घरांसमोर बोटी बांधलेल्या, बोटींवर कुंड्या, कुंड्यांच्या मधे खुर्ची टाकून बसलेला एक उघडाबंब म्हातारा. मला इतका आनंद झाला की मी त्याला हात केला. त्यानेही केला.

ताई कठड्यावरून वाकून पाणी तपासत होती.

"जलपर्णी कुठंय?"

"नाही इथे."

"फेस?"

"तोही नाही."

"मग हे नदीचं पाणी म्हणून पास कसं झालं?" पवनेच्या काठी वाढलेल्या बाईने कपाळाला आठ्या घातल्या. "आणि आबा कुठे गेले?"

आबा दोन पूल ओलांडून पुढे गेले होते.

इथून आमची जी वरात सुरू झाली ती दुपारपर्यंत थांबली नाही. पुढे आबा, कार्ड पंच करायला उशीर झालेल्या माणसाच्या चालीने. मधे ताई, "अहो फोटो! अहो आबा, फोटो!" करत. मागे मी, धापा टाकत, सौंदर्याचा आस्वाद घेत. सायकलवाले घंटा वाजवत अंगावर यायचे. आमच्या लक्षात आलं की इथे लाल रस्ता सायकलींचा आणि त्यावर उभं राहून निसर्गावर भाष्य करणं जिवावर बेतू शकतं. एका बाईने मला तिच्या भाषेत जे ऐकवलं त्याचा एकही शब्द मला कळला नाही, पण अर्थ पूर्ण पोचला. तळवड्याच्या चौकात मी तो रोज ऐकतो.

वाटेत कागदाच्या शंकूत बटाट्याची जाड फ्राइज मिळाली. ताईने एकेक काडी वर धरून बघितली. "लांबीत किती फरक! एकाही जॉबला माप नाही." मग सगळी संपवली आणि माझ्यातलीही घेतली. आबांनी चालता चालता खाल्ली. मी हट्टाने एका बाकावर सगळ्यांना बसवलं. समोर कालवा, डोक्यावर झाड, पाण्यात घरांची उलटी चित्रं. निश्चिंत दिवस म्हणतात तो हाच, असं मी म्हणायला लागलो आणि बाक थरथरायला लागला. आबांचा उजवा पाय हलत होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचणारा गृहस्थ आमच्याकडे एकदा बघून उठून गेला.

"बॅलन्सिंग गेलंय," ताई म्हणाली.

"कंपनीचा विषय!" मी ओरडलो.

"बाकाबद्दल बोलतेय मी."

आबा उठले. "बसून काय व्हनार? चला."

आता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पाय नेतील तिकडे फिरायचं असं ठरलेलं असताना आबांचे पाय फार ठरवून वळत होते. पुलाशी आले की ते हळूच खिशातला मोबाइल बघायचे, पुन्हा खिशात घालायचे आणि म्हणायचे, "हिकडनं बरं वाटतंय."

"आबा," मी म्हणालो, "आपण निघालोय कुठे?"

"कुठं न्हाई. आपलं फिरायला."

"मग तुम्हाला तिकडूनच बरं का वाटतंय?"

"सावली हाय तिकडं."

"दोन्हीकडे सावली आहे."

ताईने वेळ घालवला नाही. तिने आबांच्या खिशातून मोबाइल काढला, जसा एखादा संशयित जॉब ट्रेमधून उचलावा. पडद्यावर नकाशा होता आणि त्याच्या मागे फोटो. पितळेची पट्टी.

आम्ही तिघं पुलाच्या मधोमध उभे. आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "हितंच जवळ हाय तिचं माहेर. म्हटलं, तिला काढायच्या आदी एकदा जाऊन यावं. कुठं घडली, कुनी घडवली. तेवडं बगितलं की मग काय त्ये ठरवतो."

"मशिनला माहेर!" ताई म्हणाली. "तुम्हा पुरुषांना प्रत्येक मशिनची बाई करायची काय हौस असते हो? घरातल्या बाईच्या माहेरी कधी गेला होता शेवटचे?"

"दिवाळीला," आबा म्हणाले. "हितंबी तिनंच धाडलं मला. म्हनली, माझ्या माहेरी जातासा तसं तिच्याबी जाऊन या."

ताईने मोबाइल कसलाही शेरा न मारता परत दिला. असं क्वचित घडतं, म्हणून मी ते मुद्दाम नोंदवतो. ती नुसती म्हणाली, "कंपनीचा विषय निघालेला आहे. आता दिवसभर माझे फोटो. पहिला या पुलावर." आबांनी फोटो काढला. त्यात ताईचा एक कान आणि भरपूर आकाश आलं.

मग आम्ही तिघंही नकाशा बघत निघालो. माझी कल्पना भराऱ्या मारत होती. लाल विटांचा प्रचंड कारखाना असेल, धुराडं असेल, फाटकावर तेच नाव असेल. आत कोणी म्हातारा फोरमन असेल, तो आबांना मिठी मारेल आणि मी दोघांच्या मधे उभा राहून भाषांतर करेन. आबा बोलत नव्हते, पण त्यांनी दोनदा भांग सारखा केला.

रस्ता सापडला. नंबर सापडला. आणि आम्ही तोंडं उघडी टाकून उभे राहिलो.

ते एक घर होतं. कालव्याकाठच्या इतर घरांसारखंच, उंच, चिंचोळं, किंचित पुढे झुकलेलं. पुढे चार दगडी पायऱ्या, वर काळं दार, दाराशेजारी एक खिडकी आणि खिडकीत झोपलेलं मांजर. आबा पायऱ्या चढून गेले आणि त्यांनी दारासमोर दोन्ही हात पसरले. दार हातांत मावलं आणि हात उरले.

"ह्या दारातनं थोरली भाईर कशी पडली असंल?"

हा प्रश्न कोणाही सामान्य पर्यटकाला पडला नसता. आम्हाला तो असा चावला की आम्ही निश्चिंत दिवस, कालवा, फोटो सगळं विसरलो. मी वर बघितलं. घराच्या माथ्यावर एक लाकडी तुळई बाहेर आलेली आणि तिला लोखंडी हुक. मी हे कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे व्याख्यान दिलं. या घरांचे जिने अरुंद, म्हणून सामान बाहेरून दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. ते भिंतीला आपटू नये म्हणून घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधतात.

"त्या हुकला थोरली?" आबा म्हणाले. "चार टन?"

"हुकवर किती वजन चालेल ते लिहिलेलं नाही," ताई मान मागे टाकून म्हणाली. "तपासणीची तारीख नाही. आपला सेफ्टीवाला बघेल तर आख्खी गल्ली बंद करेल."

"एकसंध नसेल काढली," मी म्हणालो. "खालचा बेड वेगळा, वरचं डोकं वेगळं."

"बेडच दोन टनाच्या वर हाय, भाऊ."

"मग खालून आधार दिला असेल. बोटीवर."

"बोट हलती. हलत्या बोटीवरनं आधार?"

आबा समोरच्या कठड्यावर उताणे आडवे झाले, तुळई नीट दिसावी म्हणून. मी पायरीवर उकिडवा बसून बोटाने रेघा ओढत होतो. ताई दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे करत झुकाव मापत होती. इतक्या एकाग्रतेने आम्ही बघत होतो की जाणाऱ्या-येणाऱ्या पर्यटकांचा एक जथा थांबला. तेही वर बघायला लागले. त्यांनी हुकचे पुष्कळ फोटो काढले. कशाचे काढतोय हे त्यांनी एकमेकांना विचारलं, पण आम्हाला विचारायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात काळं दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली. ताठ, पांढरे आखूड केस, हातात मांजर.

"तुम्ही महापालिकेचे का?" तिने इंग्रजीत विचारलं. "हुक चांगला आहे. गेल्या वर्षीच सोफा चढवला."

मी कमरेत वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की आम्ही हिंदुस्थानातल्या चाकणहून आलो आहोत. ही माहिती तिला पुरेशी वाटली नाही. मग मी आबांचा मोबाइल पुढे केला. तिने पट्टीवरचं नाव वाचलं, आबांकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"हे माझ्या नवऱ्याचं दुकान," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. मांजर मांडीवर. आम्हीही खालच्या पायऱ्यांवर बसलो. इथून मी दुभाषी झालो.

"कारखाना कुठं हुता, ते इचारा," आबा म्हणाले.

म्हातारी हसली. कारखाना नव्हताच. खालच्या खोलीत एक टेबल, टेबलावर फोन आणि फोनवर तिचा नवरा. इकडच्या कारखान्यांनी काढून टाकलेली जुनी मशिनं तो घ्यायचा आणि लांबच्या देशांत विकायचा. घेणंही फोनवर, विकणंही फोनवर. एकही मशीन कधी या दारातून आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. पट्टी तेवढी तो स्वतःच्या नावाची ठोकायला लावायचा.

असे व्यापारी आपल्याकडेही आहेत. लहान गाळ्यांत वर्कशॉप चालवणारे त्यांच्याकडूनच मशिनं घेतात. पट्टी बघून ओळखायला हवं होतं. पण इतकी वर्षं ती पट्टी चिंचेने घासताना आबांना, आणि आबांना घासताना बघताना मला, तो तिचा जन्माचा दाखलाच वाटत आला होता.

"म्हणजे चार टनांचा प्रश्न मिटला," ताई हळूच म्हणाली.

आबांनी मोबाइल परत घेतला आणि दुसरा फोटो काढून म्हातारीसमोर धरला. खंडेनवमीचा. थोरली हिरवीगार, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला हळदकुंकू. म्हातारीने चष्मा लावला.

"मशिनचा वाढदिवस आहे?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

"हे अजून चालतं?"

"तिन्ही शिफ्ट."

म्हातारीला जे हसू फुटलं ते थांबेना. मांजर उतरून घरात गेलं. मग डोळे पुसत ती आणखी काहीतरी बोलली.

"काय म्हनली?" आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझ्याकडे एक सुंदर खोटं तयार होतं. नवऱ्याला हे मशीन फार आवडायचं, विकताना त्याचे डोळे भरून आले, वगैरे. दुभाष्याच्या हातात फार सत्ता असते. ताईला इंग्रजी कळतं. तिने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "रीडिंग आलंय तसं द्या, भाऊ."

मी दिलं. म्हटलं, "आबा, तिचा नवरा गिऱ्हाइकाला सांगायचा की अजून पाच वर्षं चालेल. आणि घरात बायकोला सांगायचा की तीन चाललं तर त्यांचं नशीब."

आबांचा पाय हलायचा थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"आन् हितं कोन चालवायचं तिला?"

मी विचारलं. म्हातारीने खांदे उडवले. कुठल्या तरी कारखान्यातला कोणी तरी. त्यांना नवं मशीन आलं असेल, जुनं नवऱ्याकडे आलं. सगळ्यांचं असंच असायचं.

"म्हंजी हितल्या कुनीतरी नव्याला हो म्हटलं," आबा म्हणाले, "तवा ती माझ्याकडं आली."

याचं भाषांतर मी केलं नाही. आबा उठले, म्हातारीला हात जोडले. तिनेही बसल्या बसल्या हात जोडले आणि ताईला सांगितलं की खालच्या पुलापाशी चांगल्या बोटी मिळतात, वरच्या पुलाशी नाही, तिथे गर्दी असते.

"आता बोट," ताईने जाहीर केलं. "माझा शब्द शेवटचा. मी कालव्यांचं शहर बघायला आले आणि सकाळपासून एक हुक बघितलाय."

बोट उघडी होती, लांबट, दोन्हीकडे बाकं. आम्ही सवयीने पुढच्यामागच्या बाकांवर बसलो, ताई पुढे, आम्ही दोघं तिच्या मागे. बोट चालवणारी तरुण बाई होती. पूल ठेंगणे आहेत, कोणी उभं राहू नये, असं तिने सुरुवातीलाच बजावलं. मग बोट आवाज न करता निघाली. खरंच, अगदी आवाज न करता. पाण्याच्या पातळीवरून शहर वेगळंच दिसत होतं. घरं आणखी उंच, झाडं आणखी खाली आलेली, एका खिडकीत पाय बाहेर सोडून सफरचंद खाणारी मुलगी. मी मनाला बजावलं, हा घे निश्चिंत दिवस, उरलेला तरी घे. पण शेजारी आबांचा पाय पुन्हा सुरू झाला होता आणि बाकातून तो माझ्या दातांपर्यंत येत होता.

"भाऊ," आबा म्हणाले, "हितलं लोक जुनं भंगारात न्हाई घालत?"

"म्हातारी काय म्हणाली? विकतात."

"घेनारं कोन?"

"आपल्यासारखे."

"आपल्यासारकं," आबा पुटपुटले. पहिला पूल डोक्यावरून गेला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आबांनी घातली की नाही ते मला दिसलं नाही.

ताई मागे वळली. "आबा, फोटो. हा पुढचा पूल मागे धरून."

आबांनी मोबाइल घेतला आणि हातातच ठेवला. ते तोंडाने काहीतरी मोजत होते, कुठल्या तरी गाळ्याची लांबी-रुंदी मनात टाकत असावेत, कारण बोटं मांडीवर चालत होती. "वीज लागंल तेवडी हाय," ते म्हणाले. "क्रेन न्हाई. पर क्रेन आनता येती."

"कसली क्रेन?" ताई म्हणाली. "फोटो काढा आधी!"

"आन् शिकवायला मी जाईन की. रविवारी. न्हाईतरी रविवारी काय काम असतंय?"

"आबा, कोणाला शिकवणार? कुठे जाणार?" मी विचारलं.

पुढचा पूल फारच ठेंगणा होता. बोट चालवणारीने मागे बघून पुन्हा एकदा सगळ्यांना बसायला सांगितलं. बोटीतले सगळे वाकले. आबा उभे राहिले. सेफ्टी शूजसकट, चांगले ताठ, दोन्ही हात वर करून, तोंडावर असं तेज की मला वाटलं यांनी थोरलीच बघितली समोर. बोट चालवणारी किंचाळली. ताईने त्यांच्या जॅकेटला दोन्ही हातांनी धरलं आणि मी पायांना, आणि आम्ही त्यांना खाली ओढत असताना, पुलाची कमान डोक्यावर येत असताना, आबा सगळ्या ॲमस्टरडॅमला ऐकू जाईल असे ओरडले, "भाऊ, नव्याला हो सांगून टाका! थोरलीला तळवड्यात एक स्थळ हाय माझ्या बघन्यात, गाळा ल्हान हाय, पर मानसं चांगली हायेत!"